फणीवाल्याची भिंत

फणीवाला भला माणूस आहे, असं मला भेटणारा प्रत्येक जण सांगतो. निराधारगृहाच्या मोठ्या बाई सांगतात, तिथला दारवान सांगतो, त्याच्या स्टुडिओखाली बसणारा घड्याळजी तर सांगताना डोळेही पुसतो. असेल बापडा. माझं जेवढं नुकसान भल्या माणसांनी केलं तेवढं वाईटांना जमलेलं नाही, म्हणून त्याची हकिकत मीच सांगते. ती गोड लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

धंद्याने तो फोटोग्राफर. घड्याळजीच्या दुकानाशेजारचा लाकडी जिना चढून गेलं की त्याचा स्टुडिओ. आत एक रंगवलेला पडदा: संगमरवरी पायऱ्या, कुंडी, मागे तळं. त्या पायऱ्या आजवर कुणी चढलेलं नाही, पण निम्म्या गावाने त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतले आहेत. खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असतो. तो कुणालाही बसतो, कारण पाठीमागून तो उभा उसवलेला आहे. जाड्या माणसाला तसाच चढवायचा, बारक्याला मागून चिमटे लावून आवळायचा. फोटोत काय, पुढचीच बाजू येते. ड्रॉवरमध्ये बिनकाचेचा चष्मा आहे. काच असली की दिवा चमकतो, म्हणून ती काढून टाकलेली. ज्याला शिकलेलं दिसायचं असेल त्याने तो घालायचा. आणि सदऱ्याच्या खिशात, जिथे बाकीचे लोक पेन लावतात, तिथे याची फणी.

फोटो काढून झाला की त्याचं खरं काम सुरू होतं. खालून उजेड येणाऱ्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलने एकेक सुरकुती, एकेक व्रण, जागरणाची काळी वर्तुळं बुजवत बसायचं. लग्नाच्या मुलींच्या आया त्याच्यावर फार खूश असत. पुढे आलेले दात मिटल्या ओठांत गडप होत, तिरळी नजर चेहरा वळवला की दिसेनाशी होई. त्या मुली सासरी पोचल्यावर काय होई, ते बघायला हा जात नसे.

हे सगळं त्याने त्याच्या स्टुडिओत खुशाल करावं. माझं भांडण निराधारगृहाच्या भिंतीबद्दल आहे.

रस्त्यावर, स्टेशनात, दवाखान्याच्या दारात सापडलेली, स्वतःचं नावगाव सांगू न शकणारी माणसं त्या गृहात आणतात. आणली की उवांसाठी दाढी साफ आणि केस बारीक, मग आंघोळ, मग फणीवाला. हे काम तो हौसेने करायचा, कोट आणि चष्मा बरोबर घेऊन यायचा. थोडे केस आले की पुन्हा, आणि मग दर वर्षी नवा फोटो काढायचा. दारातून आत शिरलं की लांब ओसरी, आणि ओसरीची भिंत त्याने काढलेल्या फोटोंनी भरलेली. हरवलेल्यांच्या नातेवाइकांनी ती भिंत बघायची, आपलं माणूस ओळखायचं, मगच आतलं दार उघडायचं, असा तिथला नियम. नियम उगाच केलेला नव्हता. पूर्वी कुणीतरी येऊन ‘ही माझी बहीण’ म्हणून एका धडधाकट बाईला घेऊन गेला होता, आणि ती त्याची कुणीच नव्हती हे फार उशिरा कळलं. तेव्हापासून आधी भिंत, मग माणूस.

माझा धाकटा भाऊ हरवला तेव्हा मी त्या भिंतीसमोर पहिल्यांदा उभी राहिले. आमचं इस्त्रीचं दुकान. इस्त्री माझी, घड्या घालणं आणि पोचवणं त्याचं. लहानपणी जिन्यावरून पडल्यापासून त्याचं डोकं हळू चालायचं. अक्षर येत नव्हतं, पत्ता सांगता येत नव्हता, ठरलेली घरं तेवढी पायांना पाठ होती. पण घडी अशी घालायचा की गिऱ्हाईक घरी नेऊन ती मोडायला कचरायचं. एका दुपारी कपड्यांचा गठ्ठा घेऊन गेला तो परत आलाच नाही. माझा नवरा सुरुवातीला माझ्याबरोबर हिंडला, मग म्हणाला, आता देवावर सोड. मी भावाचा शोध सोडला नाही, नवऱ्याशी बोलणं मात्र बरंचसं सोडलं.

दाट दाढी, पुढचे दात एकावर एक चढलेले, डावा कान कुत्र्याने फाडलेला, पाळी लोंबणारी. हे वर्णन मी इतक्या दारांत म्हटलं की शेवटी ते मलाच परवचा म्हटल्यासारखं वाटू लागलं. निराधारगृहातल्या कारकुनाला सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे दाढीवाला कुणी नाही. कसा असेल, तुम्हीच काढता ना दाढ्या! कानाचं विचारलं तर म्हणाला, बाई, आम्ही काय एकेकाचे कान बघत बसलोय का? भिंत बघा, ती त्यासाठीच आहे.

मी भिंत बघितली. एकाच घराण्यातली माणसं ओळीने लावावीत तसे सगळे दिसायचे: काळा कोट, पाडलेला भांग, मिटलेले ओठ, हनुवटी किंचित खाली. बायकांच्या खांद्यावर एकच फिकट शाल, आळीपाळीने. खालच्या ओळीत एक चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांना मी मनातल्या मनात मास्तर म्हणायचे, कारण दिसायचेच तसे, कुठल्यातरी शाळेत गणित शिकवत असावेत असे. दुकान बंद ठेवून मी महिना-दोन महिन्यांनी खेप घालायची, अशी कित्येक वर्षं, आणि मास्तर आपले तिथेच. बिचाऱ्यांना न्यायला अजून कुणी आलं नाही, असं वाटून मला त्यांची दया यायची आणि त्यांच्या घरच्यांचा राग. कसली माणसं असतील, असं मी एकदा दारवानाजवळ बोललेसुद्धा, एवढा शिकलेला माणूस हरवतो आणि कुणाला पत्ता नाही.

फणीवाल्याच्या आईची गोष्ट मला त्या दारवानाने सांगितली, बाकावर बसवून, मोठ्या भक्तिभावाने. फणीवाला तेव्हा तरुण, दुसऱ्याच्या स्टुडिओत नोकरीला होता. आईचं डोकं फिरलं होतं, आणि एक दिवस ती घरातून निघून गेली. बरेच महिने गेले. मग कुणा नामांकित फोटोग्राफरचं प्रदर्शन भरलं, रस्त्यावरच्या लोकांचं: भिकारी, दारुडे, वेडे, सगळे भिंतीएवढे मोठे केलेले, आणि समोर हातात पेले घेऊन फिरणारी मंडळी. मालकाने याला पाठवलं, फोटोंवर दिवे कसे सोडलेत ते बघून ये म्हणून. एका फोटोपुढे गर्दी होती. नाल्याच्या कडेला बसलेली बाई, केसांच्या जटा, हनुवटीवर लाळ, अंगावरच्या कपड्याचं भान नाही. खाली ‘अनामिक’ लिहिलेलं. ती याची आई. शेजारची एक बाई म्हणत होती, काय विलक्षण डोळे आहेत. याने तो फोटो भिंतीवरून ओढून पायाखाली तुडवला, आणि लोकांनी याला यथेच्छ चोपलं. पुढे आई घरी आली. याने स्वतःच्या हाताने तिच्या जटा सोडवल्या, तिला शेवटपर्यंत सांभाळलं. तेव्हापासून खिशात फणी, आणि आपल्या कॅमेऱ्यापुढे कुणाचीही अब्रू जाऊ द्यायची नाही, असा पण.

हे ऐकून मलाही तेव्हा गहिवरून आलं होतं. ते मी आता परत घेते.

कारण मग ओसरीला रंग द्यायला काढला. फोटो उतरवून मागच्या खोलीत ठेवले होते आणि तिथे जायला आतलं अंगण ओलांडावं लागे. दारवान म्हणाला, बाई, नियमात बसत नाही, पण मान खाली घालून जा आणि बघून या. मी मान खाली घालूनच चालले होते, म्हणून तर दिसलं. अंगणात वाळलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता आणि काही पुरुष भोवती बसून घड्या घालत होते. मला त्यांचे हातच तेवढे दिसत होते. त्यांतल्या एकाने सदरा उचलला, बाह्या पाठीमागे नेऊन एकीवर एक ठेवल्या, घडी केली, तिच्यावरून तळहाताची कड फिरवली आणि शेवटी हलकेच एक टपली मारली. ती टपली जगात दुसरं कुणी मारत नाही. लहानपणी मीच त्याला ती शिकवली होती. झोप आता, असं कपड्याला सांगायचं आणि टपली मारायची.

मी मान वर केली. डावा कान फाटका, पाळी लोंबणारी. दाढी नाही, केस पांढरे, भांग व्यवस्थित पाडलेला. चष्मा तेवढा नव्हता. पण चेहरा मास्तरांचा होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा तर भिंतीवर टांगलेला होता, आणि मी दर खेपेला त्याची कीव करून घरी येत होते. मी त्याला घरच्या नावाने हाक मारली. त्याने वर बघितलं, माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं, आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं, “कपडे उद्या मिळतील, बाई.”

देखरेखीच्या बाईने मग मला सांगितलं की आणला तेव्हा तो दिसेल त्याला एकच सांगायचा, ताईकडे जायचंय. कुठली ताई, विचारलं तर म्हणायचा, ताई. त्यावरून कुणाला काय शोधता येणार? पुढे पुढे म्हणेनासा झाला. मी त्याच्यासमोर बसून आईचं नाव घेतलं, दुकानाचं वर्णन केलं, लहानपणीची गाणी म्हटली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढचा सदरा उचलला. त्याच्या डोक्यात ताई कुठेतरी होती, पण ती मी नव्हते. मला तो घरी हवा होताच, पण त्याहून जास्त हे हवं होतं, की त्याने मला एकदा ताई म्हणावं.

मोठ्या बाई म्हणाल्या, कागदपत्रं आणा, माणूस घेऊन जा. फक्त ताब्यात देताना दोघांचा एकत्र फोटो काढून ठेवण्याची आमची पद्धत आहे, मी फणीवाल्याला निरोप पाठवते. मी म्हटलं, निरोप कशाला, मीच जाते त्याच्याकडे.

तळपायाची आग मस्तकात गेली होती. जिना मी कशी चढले ते मला आठवत नाही. तो उजेडाच्या काचेवर वाकून कुणाच्यातरी गालावरचा व्रण बुजवत होता. मला बघून उठला आणि म्हणाला, “या ताई, बसा.”

“मला ताई म्हणू नका,” मी म्हटलं.

मग मी त्याला सगळं सांगितलं. चष्मेवाला म्हटल्यावर त्याला लगेच आठवलं. कपड्यांच्या घड्या घालतो तो ना, म्हणाला, आणि वर कौतुकाने म्हणाला की तो फोटो फार चांगला आला होता. मी म्हटलं, त्याने जन्मात चष्मा घातला नव्हता, त्याला स्वतःचं नाव वाचता येत नाही. तुम्ही त्याचा फाटका कान पलीकडे वळवलात, दात ओठांनी मिटलेत, आणि त्याच्यावर कोट घातलात. मी बहीण असून त्याच्यासमोरून परत गेले.

तो रागावला नाही, याचा मला जास्त राग आला. शांतपणे समजावू लागला. म्हणे, माणसं भिंतीकडे बघून हसतात, नाकाला पदर लावतात, मी डोळ्यांनी बघितलंय. ज्यांचं सगळं गेलं त्यांचा चेहरा तरी नीट असावा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“मूठ झाकायला हरकत नव्हती,” मी म्हटलं, “तुम्ही माणूस झाकलात.”

तेव्हा त्याने आईचं काढलं. मला ते ऐकायचं नव्हतं, दारवानाने सांगितलंय म्हटलं. पण मनात एक गोष्ट तिथल्या तिथे उलगडली, आणि मी ती विचारली. आज विचारायची म्हटलं तर कदाचित जीभ रेटणार नाही. त्या दिवशी रेटली.

“तुमची आई तुम्हाला सापडली कशी?”

“प्रदर्शनात तिचा फोटो...”

“तो तुम्ही तुडवलात, ते माहीत आहे. ती कुठे सापडली? तिथवर पोचलात कसे?”

त्याने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, फोटोत मागे नाला दिसत होता आणि पुलाचा खांब. तो पूल मला माहीत होता.

“आणि ती आई आहे हे कशावरून ओळखलंत?”

“आई होती ती माझी.”

“तिला त्या माणसाने शाल पांघरली असती, भांग पाडला असता, पेन्सिलीने चेहरा पुसला असता आणि मागे तुमच्या ह्या पायऱ्या लावल्या असत्या, तर ओळखली असतीत?”

तो पडद्याकडे बघत राहिला. मी थांबायला हवं होतं की नाही, याचा विचार करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. मी म्हटलं, “तो माणूस नालायक होता. त्याने तुमच्या आईचा तमाशा मांडला. पण आई त्याच्यामुळे तुमच्या घरी आली. तुम्ही माझ्या भावाची अब्रू राखलीत आणि भाऊच माझ्यापासून राखलात.”

तो म्हणाला, मी कुणाचं वाईट चिंतलं नाही. मी म्हटलं, चिंतलं असतंत तर बरं झालं असतं, कुणीतरी तुम्हाला अडवलं तरी असतं. मग मी भिंतीवरच्या सगळ्यांचे खरे चेहरे मागितले, पेन्सिल लागण्याआधीचे. तो म्हणाला, पेन्सिल निगेटिव्हवरच आहे, आणि तुमच्या भावाचा तो कान मी कधी कॅमेऱ्यात घेतलाच नाही. जे काढलंच नाही ते कुठून आणून देऊ?

निघताना मी खिळ्यावरचा काळा कोट ओढला आणि जिन्यावरून खाली फेकला. तो घड्याळजीच्या दारात जाऊन पडला. त्याबद्दल लोक मला अजून बोलतात. बोलू देत.

भावाला ताब्यात घ्यायचा दिवस आला. मी मुद्दाम सांगून ठेवलं होतं की त्याची दाढी करू नका, आणि खुंट वाढून तो जरा पूर्वीसारखा दिसू लागला होता. मला तो अजून बाईच म्हणत होता. अंगणात उन्हात एक बाक टाकला होता. मी त्याच्या डाव्या अंगाला बसले, फाटक्या कानाजवळ. मनाशी ठरवलं होतं की ह्या फोटोत तो कान येणार म्हणजे येणार.

फणीवाला आला. खिशात फणी नव्हती, हातात कोट नव्हता. कॅमेरा तिकाटण्यावर चढवताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आदल्याच आठवड्यात तो दोन दिवस येऊन माझा भाऊ सोडून भिंतीवरच्या सगळ्यांना पुन्हा कॅमेऱ्यापुढे बसवून गेला, जसे आहेत तसे, असं दारवानाने मला दारातच सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, उपकार झाले.

आणि माझ्या भावाचा चेहरा त्याला बघून उजळला. मला बघून एकदाही उजळला नव्हता तो. भाऊ झटकन ताठ बसला, तळहाताला थुंकी लावून केस चापून बसवले, ओठ मिटून दात झाकले, हनुवटी खाली घेतली आणि मान अशी वळवली की फाटका कान माझ्याकडे, मागे गेला. कुणी काही सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत तो शिकला होता.

“आज असंच बस,” फणीवाला म्हणाला. “माझ्याकडे सरळ बघ.”

भावाने मान वळवली नाही. उलट हात पुढे केला. “चष्मा.”

“आज चष्मा नको.”

भाऊ उठून उभा राहिला. जागच्या जागी पाय बदलू लागला. गिऱ्हाइकाचा सदरा जळाला की तो असाच व्हायचा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याने तो झटकला.

“चष्मा नसला तर ताई ओळखणार कशी?” तो फणीवाल्याला म्हणाला. “तुम्हीच म्हणाला होता.”

देखरेखीची बाई खाली बघू लागली. फणीवाला कॅमेऱ्यामागून बाहेर आला आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाला की पहिल्यांदा तो बसायलाच तयार नव्हता, चष्मा फेकून देत होता. पुढे म्हणाला, “तेव्हा मी त्याला म्हटलं, नीट बस, चष्मा घाल, ताई फोटो बघेल आणि न्यायला येईल. दर वर्षी हेच सांगून बसवला.”

मी त्याला काय काय बोलले असते. सगळं तोंडाशी आलं होतं. पण माझा भाऊ हात पुढे करून उभा होता, आणि फणीवाल्याची बोटं त्याच्या स्वतःच्या खिशावर होती. चष्मा त्याने आणलेला होता.

“द्या त्याला,” मी म्हटलं.

भावाने चष्मा घातला, बाकावर बसला, मान वळवली, हनुवटी खाली घेतली. सगळं त्याच्या मनासारखं झालं. मग त्याला मी शेजारी असल्याचं आठवलं असावं. मान न हलवता, फोटो बिघडू नये अशा बेताने, तो मला म्हणाला, “बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा. ताईला मी नीट दिसलो पाहिजे.”

मी उठून बाजूला झाले.